घड्याळमावशीचा आकडा

मावशी बाकावर येऊन बसली की घड्याळाची टिकटिक ऐकू यायची, आणि तिच्या हातात घड्याळ कधीच नसायचं. दुपारी दोन-अडीचची वेळ असावी, पंखा बंद असावा, बाहेर गिऱ्हाईक नसावं, म्हणजे तो आवाज अगदी स्वच्छ ऐकू येई. नवखा माणूस आधी भिंतीकडे बघायचा, मग स्वतःच्या मनगटाकडे, मग टेबलाखाली. मावशी त्याला पुरतं गोंधळू द्यायची आणि मग छातीवर हात ठेवून म्हणायची, "इकडं पाहा ना भाऊ. घड्याय अथी हाये. मशीन डागदरनं बसवली, चावी देवानं भरली." एवढं बोलून ती पुन्हा पदर सावरून बसायची आणि तो बिचारा आपलं दुखणं विसरून जायचा.

मेहकरच्या बसस्थानकामागच्या गल्लीत माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. मावशी जानेफळची. गावाबाहेर विहिरीला लागून तिचं अर्धा एकर पाल्याचं रान होतं. मेथी, पालक, शेपू, आंबटचुका आणि सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता म्हणे. त्या तापाने जाता जाता तिच्या हृदयाची एक झडप खराब केली आणि चाळिशी उलटल्यावर ती काढून तिथे धातूची बसवावी लागली. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज संध्याकाळी एक गोळी, जन्मभर. त्या गोळीने रक्त किती पातळ झालं ते दर महिन्याला तपासायचं. ते काम माझं होतं, म्हणून दर महिन्याला मावशी मला भेटायची. मी तिला मनातल्या मनात घड्याळमावशी म्हणत असे. एकदा ते तोंडातून निसटलं, आणि मग सगळी गल्लीच तसं म्हणायला लागली.

मी देऊळगाव राजाचा. आमच्याकडची बोली जालन्याकडे झुकलेली, त्यामुळे मी 'मला', 'तुला' म्हणायचो आणि मावशीला त्याची फार गंमत वाटायची. "मले म्हन ना बे. मला-मला करून राह्यला, जसा काही मोठा मास्तर." तिने मला सहा वर्षं वऱ्हाडी शिकवली आणि मी सहा वर्षं नापास झालो. माझी आई मला तंद्रीनाथ म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. नळीतलं रक्त यंत्रात फिरत असताना मी खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे बघत राहायचो. मावशीला माझा हा गुण मानवायचा. तीही बघत राहायची. कित्येकदा आम्ही दोघं अर्धा-अर्धा तास एक शब्द न बोलता बसलो आहोत. मधे फक्त ती टिकटिक चालू असायची, आणि मला वाटायचं, आपण दोघं कुठल्यातरी लांबच्या गाडीत बसलो आहोत आणि उतरायची घाई कुणालाच नाही.

रक्ताचा पातळपणा मोजणाऱ्या आकड्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. मावशी त्याला नुसतं 'आकडा' म्हणायची. तुमच्या-माझ्या रक्ताचा आकडा एकच्या आसपास असतो. मावशीचा अडीच आणि साडेतीनच्या मधे राहायला हवा होता. त्याखाली गेला तर झडपेवर गुठळी धरणार, वर गेला तर कुठूनही रक्त येणार. आता आमच्याकडे आकडा म्हटलं की लोकांना मटकाच आठवतो. मावशी भर रस्त्यात, एसटीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायची, "भाऊ, माहा आकडा निंघाला का?" एकदा नव्याने बदलून आलेला एक हवालदार तिच्या मागोमाग लॅबमध्ये शिरला आणि त्याने दरडावून विचारलं, "बाई, कोणाकडे लावता आकडा?" मावशी शांतपणे म्हणाली, "दिलाकडं. साडेतीनच्या वर गेला तं मी गेली, अडीचच्या खाली आला तरीबी मी गेली. असा जुगार तुम्ही खेयसान का, सायेब?" हवालदाराने टोपी काढली आणि चहा मागवला. पुढे तोच येता-जाता विचारायचा, "मावशी, आकडा बरोबर ना?"

स्वतःला ती 'काचेची बाई' म्हणायची. विळ्याला हात लावणं तिने सोडून दिलं होतं. मेथी मुळासकट उपटायची, पालक नखाने खुडायची. एकदा खुरप्याचं टोक अंगठ्याला लागलं तर दुपारभर रक्त थांबेना, हळद दाबून दाबून घरातली हळद संपली. तेव्हापासून ती रानातही मोजे-बूट घालून जायची आणि गावातली पोरं तिला पीटी मास्तर म्हणायची. कंबर दुखली, गुडघा दुखला, कुणी म्हटलं ही गोळी घे, लगेच आराम पडतो, तर ती हात जोडायची. दुखण्यावरच्या गोळ्यांनी तिच्या पोटात रक्त सुटू शकतं हे डॉक्टरांनी तिला पक्कं सांगितलं होतं. झडपेची आणि गोळीची माहिती लिहिलेलं दवाखान्याचं कार्ड प्लास्टिकमध्ये घालून कमरेच्या बटव्यात असायचं आणि एसटीत चढल्या चढल्या ती कंडक्टरला बजावायची, "मी पडली तं पहिले हे कागद पाह्यजो, मंग मले उचलजो."

आणि तिची स्वप्नं. ती मला स्वप्नं सांगायची, तेही एखाद्या गावाला जाऊन आल्यासारखी. विहिरीत मेथी उगवली आहे आणि ती पाण्यावर बसून खुडते आहे. तिची मेलेली माय शेपूच्या वाफ्यात केस वाळवते आहे. "ऑपरेशनच्या पहिले मले घट्ट सपनं पडत," ती एकदा म्हणाली. "सकायी उठली का हातात घेऊन पाहाव असे. आता रगत पातय झालं न सपनंबी पातय झाले. धरा जातो तं बोटातून वाहून जातात." मी तिला विचारलं, मग वाईट वाटतं का? ती म्हणाली, "वाईट कायचं? पातय असलं तं जास्त माणसाईले पुरते." मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्या महिन्यापासून मीही माझी स्वप्नं लक्षात ठेवायला लागलो. मावशीला सांगता यावीत म्हणून.

आता पालेभाजीचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मावशी पुरी होत नाही. ती जे पिकवायची ते मनापासून खायची. कच्च्या मेथीचा घोळाणा, चुक्याची डाळभाजी, पालकाचं फोडणीचं वरण. ऑपरेशन करून आली तेव्हा कुणीतरी तिला सांगितलं होतं, आता पाला बंद. बाई आठवडाभर जेवली नाही. मग आमच्या समोरच्या डॉक्टरांनी तिला बोलावून समजावलं, "खा मावशी, रोज एक वाटी. कमी नाही, जास्त नाही. तुमची गोळी त्या वाटीच्या हिशेबाने बसवलीय." ती इतकी आनंदली की दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या घरी टोपलंभर पाला पोचला.

काही महिन्यांनी तिने मला विचारलं, "भाऊ, भाजीचं न गोयीचं काय वैर हाये बाप्पा?" लॅबमध्ये गर्दी होती, एक लेकरू सुईला घाबरून रडत होतं, आणि मी नेहमीसारखा अर्धा कुठेतरी होतो. मी म्हणालो, "पालेभाजीनं रक्त घट्ट होतं, मावशी. म्हणून बेतानं." ती मान हलवून गेली. मी सांगितलं ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. भाजी एकदम वाढवली तर गोळी कमी पडते, तशीच भाजी एकदम थांबवली तर तीच गोळी जड होते, रक्त पाण्यासारखं होतं. हा उरलेला अर्धा भाग मला पाठ होता. सांगायचा राहून गेला.

मावशीचा आणखी एक गुण इथेच सांगून टाकतो. तिला फसवणं जमत नसे. संध्याकाळपर्यंत उरलेला पाला पाणी मारून ताजा करून विकणाऱ्या बाया बाजारात पुष्कळ. मावशी उरलेला पाला म्हशीपुढे टाकायची. "शिया भाजीले पानी मारनं म्हंजे मेलेल्याले पावडर लावनं," ती म्हणायची. जुडी बांधताना आत गवताची एक काडी गेली तरी जुडी पुन्हा सोडायची. बाकीच्या बाया हसायच्या. तिच्या सुनेलाही ते पटत नसे, पण सासूसमोर बोलायची तिची टाप नव्हती.

त्या वर्षी जानेफळातून काशीची बस निघाली. काशीला गेलं की एक आवडती वस्तू गंगेत सोडायची, आणि मग मरेपर्यंत ती तोंडात घालायची नाही, ही रीत तुम्हाला माहीत आहे. आणि ती रीत लोक कशी पाळतात हेही माहीत आहे. निघायच्या आधी मावशी तपासणीला आली तेव्हा तिने मला सगळी यादी सांगितली. एकीने कारलं सोडायचं ठरवलं होतं, जे तिने जन्मात खाल्लं नव्हतं. दुसरीने फणस सोडायचा बेत केला होता, आणि जानेफळात फणस बघायला मिळणं म्हणजे भाग्यच. मावशीचा संताप झाला होता. "देव काय बावया हाये का? जे रोज लागते तेच सोडा लागते." आकडा दोन पूर्णांक नऊ आला होता, अगदी सोन्यासारखा. मी तिला गोळ्या मोजून सोबत न्यायला सांगितलं आणि आल्याबरोबर तपासणीला यायला सांगितलं. गोळ्या तिने बरोबर नेल्या. एकही चुकवली नाही.

आली ती मात्र दीड महिन्याने. हुरड्याचे दिवस होते, सकाळचं धुकं दहा-दहा वाजेपर्यंत हलत नव्हतं आणि पुढची दुपार कोवळी, पिवळी असायची. मावशी बाकावर बसली आणि तिने पिशवीतून गंगेच्या पाण्याचा बंद गडू काढून माझ्या टेबलावर ठेवला. चेहरा उतरला होता. हातावर काळे-निळे डाग होते. मी विचारलं तर म्हणाली, "यात्रेच्या बशीचे दांडे लागले." हिरड्यांतून रक्त येतं म्हणाली, "तथी काडीनं दात घासले ना." हे तीन-चार तुकडे समोर पडले होते. कुणीही जोडले असते. मी तिच्या तोंडून गंगा ऐकत होतो.

रक्त काढून मी कापूस दाबला. इतर वेळी पाच मिनिटांत थांबायचं. त्या दिवशी कापूस उचलला की पुन्हा लाल. मी यंत्र सुरू करून परत तिच्या शेजारी बसलो आणि अंगठ्याने दाबून धरलं. ती सांगत होती, पहाटे नावेत बसलो तं पानी कुठं सरते न आभाय कुठं लागते कयतच नव्हतं, मले वाटलं मी माह्याच सपनात बसून चालली. बोलता बोलता ती मधे थांबायची. मी विचारलं, "मावशी, मग सोडलं काय?"

ती हसली. "वयख पाहू तूच."

"कारलं?"

"ते मी कधी खाल्लं? फसवाफसवी नाही म्हनलं ना."

"वांगं? चहा?"

"चहा सोडला तं तुह्याकडं कायले येऊ?"

"गूळ? हुरडा? दही?"

प्रत्येक नावाला ती मान हलवायची आणि तिला जास्तच मजा यायची. "सांगतलं तं अर्धं पुण्य कमी होते," म्हणाली. "पन तुले आनंदच होईन, एवढं सांगतो." मी हरलो असं म्हटलं. तिच्या हाताशी, पिशवीत, माझ्यासाठी आणलेल्या मेथीच्या दोन जुड्या होत्या. मी त्यांच्याकडे बघतही होतो.

मग यंत्र थांबलं. आकडा त्याच्या मापाच्या पलीकडे गेला होता. मी तेच रक्त दुसऱ्यांदा लावलं. तेच आलं. मी धावत समोरून डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि एकामागून एक विचारत गेले. गोळी दोनदा घेतली का? नाही. दुखण्याची गोळी? नाही. तापाचं, खोकल्याचं, काही नवीन औषध? झाडपाल्याचा काढा? प्रसाद म्हणून कुणी काही दिलं? नाही, नाही, नाही. आणि ते सगळं खरं होतं. नवीन काय घेतलं हे आम्ही दोघांनी मिळून दहा तऱ्हांनी विचारलं. शेवटी त्यांनी विचारलं, डोकं दुखतं का? मावशी म्हणाली, "सकायपासून भनभनून राह्यलं जरासं. थंडीनं असन." डॉक्टर तडक गाडी बोलवायला बाहेर गेले.

पाऊण तासात तिला मोठ्या गावच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी आली. तिचा मुलगा जानेफळहून येऊन पोचला. मी तिचा हात धरून तिला गाडीपर्यंत नेलं. कापूस मी अजून दाबूनच धरला होता. आत बसल्यावर तिने विचारलं, "भाऊ, आकडा सांगतला नाही तू." मी म्हणालो, "मशीन बिघडलंय, मावशी." ती म्हणाली, "मंग सुधरून ठेव. आली का पाहू." गाडीचं दार लागलं. कोवळं ऊन होतं, रस्त्यावर हरभऱ्याच्या गड्ड्या विकायला आल्या होत्या, आणि सगळं इतकं शांत, इतकं सुंदर दिसत होतं की मला त्या दुपारचा आजही राग येतो.

तिसऱ्या दिवशी मावशी गेली. डोक्यात रक्त उतरलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त दिलं, औषधं दिली, काही करायचं बाकी ठेवलं नाही. उशीर झाला होता, एवढंच.

तेरवीला मी जानेफळला गेलो. तोवर माझ्या मनात एकच प्रश्न होता, आकडा चढला कशाने? मी गोळ्यांच्या कंपनीला दोष दिला, माझ्या यंत्राला दिला, यात्रेतल्या पाण्यालाही दिला. पंगतीत बसलो आणि सुनेने माझ्या पानात मेथीची भाजी वाढली. तेरवीच्या स्वयंपाकात मेथी बघून मी वर पाहिलं. ती म्हणाली, "आत्याबाईच्या नावानं केली. काशीले सोडली होती ना त्याईनं. साराच पाला सोडला. आता सोडलेलं त्याईच्या संगं गेलं, म्हनून घास ठेवला."

ती पुढे सांगत राहिली, मला बरं वाटावं म्हणून. "मी म्हनलं, आत्याबाई, डागदरनं वाटीभर खा सांगतलं न तुम्ही सोडता? तं म्हने, माह्या लॅबवाल्या भाऊनं सांगतलं हाये, भाजीनं रगत घट्ट होते. सोडली तं देवाचंबी मन राह्यते न भाऊचंबी. घोळाणा केला का त्या वास घेत, न उठून बाहेर जाऊन बसत. पन एक पान खाल्लं नाही."

मी पानातली मेथी संपवली. टाकता येत नव्हती. तिच्या रानातली होती, फार चांगली होती, आणि प्रत्येक घासाला मला कळत होतं की मावशीला ती किती आवडत असेल.

आता माझ्याकडे पातळ रक्ताच्या गोळीवरचा माणूस आला की मी त्याला सोडत नाही. कितीही गर्दी असो, खिडकीकडे पाठ करून बसतो आणि पूर्ण वाक्य सांगतो, दोन्ही अर्धी. डाग दिसले तर या, काळी शी झाली तर या, डोकं आपटलं तर काही वाटलं नाही तरी या. काय नवीन सुरू केलं ते सांगा. आणि मग विचारतो, काय सोडलं? लोकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. एक जण म्हणाला तंबाखू. एक म्हातारी म्हणाली, "नवरा." श्रावण लागायच्या आधी मी फोन करकरून विचारतो, पाला बंद करणार आहात का, करणार असाल तर आधी डॉक्टरांना सांगा. बायको म्हणते, तुमची तंद्री गेली. गेली खरी. स्वप्नंही आता मला आठवत नाहीत.

मावशीची सून दर महिन्याला येते, तिच्या नवऱ्याची साखर तपासायला. तिला मी अजून सांगितलेलं नाही. दर वेळी ठरवतो, या खेपेला सांगायचंच, आणि ती मेथीची जुडी टेबलावर ठेवून म्हणते, "आत्याबाईचा तुमच्यावर लई भरोसा होता, भाऊ." मी हो म्हणतो आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारतो.